लायसन्सच्या मेडिकलसाठी फोटो: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलला जायचं म्हटलं की लोक कपाटातून नंबरचा चष्मा काढतात, शुगरचे रिपोर्ट फाइलला लावतात आणि फोटो विसरतात. नाहीतर आणतात तो भाच्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात असलेला. ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलावर बसून फॉर्म भरून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या टेबलावर पुन्हा पुन्हा ऐकलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे सगळं भारतातल्या लायसन्सपुरतं आहे.

माणूस डॉक्टरसमोर बसलेलाच असतो, मग फोटो कशाला?

डॉक्टरसाठी नाहीच तो. तो आरटीओतल्या माणसासाठी असतो. तपासणी होते दवाखान्यात, कागद जातो आरटीओत, आणि तिथे बसलेल्याने तुमची तपासणी पाहिलेली नसते. ‘हे डोळे, हे कान, हे हातपाय मी तपासले’ असं डॉक्टर लिहून देतात. ते कुणाचे, हे नुसत्या नावावरून कळत नाही. एका नावाचे चार जण एका गावात निघतात. चेहरा मात्र एकाचाच.

म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या फॉर्म १-ए वर, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्रावर, पासपोर्ट साइझ फोटोसाठी चौकट दिलेली आहे आणि खाली एक टीप आहे. डॉक्टरांनी फोटोवर सही अशी करायची की सहीचा काही भाग फोटोवर आणि काही भाग प्रमाणपत्रावर येईल. ही टीप सहसा कुणी वाचत नाही. पण या पानावरच्या निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं त्या एका वाक्यातून निघतात. फोटो उपटून दुसरा लावला तर सही तुटते आणि कागद स्वतःच चुगली करतो. एवढी साधी युक्ती, पण कामाची.

हे प्रमाणपत्र सगळ्यांनाच लागतं का?

नाही. दोन फॉर्म आहेत आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. फॉर्म १ म्हणजे स्वतःचं स्वतः दिलेलं निवेदन: मला फिट येत नाही, चक्कर येऊन शुद्ध हरपत नाही, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते, वगैरे. यावर डॉक्टरची सही नसते. फॉर्म १-ए म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि फोटो अर्ध्या सहीनिशी लागतो तो याच्यावर.

१-ए लागतो तो रिक्षा, टॅक्सी, ट्रक, बस अशी वाहतुकीची गाडी चालवणाऱ्याला, मग वय काहीही असो. आणि घरच्या दुचाकी-चारचाकीवाल्याला वयाची चाळिशी ओलांडली की. सध्याच्या नियमाने तिशीच्या आत काढलेलं खाजगी लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. म्हणजे कॉलेजात असताना लायसन्स काढलेल्या माणसाची आणि १-ए ची पहिली गाठ पडते ती थेट पहिल्या नूतनीकरणाच्या सुमारास. तोवर त्याला असं काही असतं हेच माहीत नसतं, आणि मग तो टेबलावर येऊन म्हणतो, ‘मागच्या वेळी तर काही लागलं नव्हतं!’ मागच्या वेळी आपण वीस वर्षांचे होतात, काका.

तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं लायसन्स १० वर्षं चालतं. पंचावन्ननंतर दर ५ वर्षांनी फेरी. वाहतुकीचं लायसन्स तर कुठल्याही वयात ५ वर्षांचंच. तेव्हा रिक्षावाल्यांनी एक चांगला फोटो काढून त्याची फाइल जपून ठेवू नये, कारण पुढच्या वेळेपर्यंत तो जुना झालेला असेल.

पासपोर्ट साइझ म्हणजे नक्की किती?

साडेतीन सेंटिमीटर रुंद, साडेचार सेंटिमीटर उंच. स्टुडिओत ‘पासपोर्ट’ म्हटलं की हाच देतात. ‘स्टॅम्प साइझ’ याहून बराच लहान, तो नको. त्यावर डॉक्टरांच्या सहीचं शेपूटसुद्धा मावत नाही. परदेशी व्हिसासाठी काढलेला दोन बाय दोन इंचांचा चौकोनी फोटो घरात उरलेला असतो आणि लोकांना तो वापरून टाकायचा मोह होतो. तो चौकटीबाहेर जातो आणि शेजारच्या मजकुरावर चढतो. मग कात्रीने कडा छाटायच्या, त्यात कान जातो.

चेहरा फोटोत किती मोठा असावा, हे फॉर्मवर लिहिलेलं नाही. पासपोर्टचा आंतरराष्ट्रीय दंडक असा की हनुवटीपासून डोक्याच्या वरपर्यंतचा भाग फोटोच्या उंचीच्या ७० ते ८० टक्के असावा. तोच धरून चाला. आमच्याकडे येणाऱ्या फोटोंत उलटा दोष जास्त दिसतो: छातीपर्यंतचा शर्ट, टाय, पेनसकट खिसा, आणि वर चिंचोक्याएवढं डोकं.

घरी प्रिंट काढणाऱ्यांसाठी हिशेब: ३०० डीपीआयला ३५ बाय ४५ मिलिमीटर म्हणजे साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल. चार बाय सहा इंचांच्या एका फोटो कागदावर असे आठ बसतात. फक्त छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा. नाहीतर प्रिंटर स्वतःच्या मनाने मोठं-लहान करतो आणि पट्टी लावली की ३२ मिलिमीटर निघतात.

किती फोटो न्यायचे?

प्रमाणपत्राला एक. तुम्ही चार न्या. एकावर शाई फिसकटते, एक चुकून उलटा चिकटतो, एक डॉक्टर स्वतःच्या रजिस्टरला लावायला मागतात. चौथा पाकिटात राहिला तर काही बिघडत नाही. चारही एकाच प्रिंटचे हवेत.

फोटो घरूनच चिकटवून न्यायचा का?

चिकटवून नेला तर चालतो, आणि तेच बरं. दवाखान्यात गमची बाटली असेलच असं नाही, असली तरी तिचं टोक वाळलेलं असतं. पण त्यावर काहीही लिहायचं नाही. आपली सही नाही, तारीख नाही, कुणाचा शिक्का नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण बँकेच्या आणि परीक्षेच्या फॉर्मांनी आपल्याला ‘फोटोवर आडवी सही करा’ ही सवय लावून ठेवली आहे. लोक हात शिवशिवल्यासारखे फोटोवर सही ठोकतात. १-ए वर अर्जदाराच्या सहीला किंवा अंगठ्याला वेगळी जागा आहे. फोटोवरची सही डॉक्टरांची. तुमची सही आधीच तिथे गिरगिटलेली असेल तर डॉक्टरांनी कुठे करायची? मग ते कोपऱ्यात कुठेतरी उरकतात, ती पुरती फोटोवरच राहते, कागदावर उतरत नाही, आणि प्रमाणपत्र परत येतं.

सही नेमकी कशी असली पाहिजे?

फोटोच्या खालच्या किंवा बाजूच्या कडेवरून जाणारी. सुरुवात छातीच्या किंवा खांद्याच्या भागावर, शेवट कागदावर. डोळे, नाक, तोंड मोकळं. डॉक्टरांना हे सांगायला संकोच वाटतो, ते स्वाभाविक आहे. फॉर्म पुढे करताना फोटोची खालची कड बोटाने दाखवून ‘डॉक्टर, इथे अर्धी-अर्धी’ एवढंच म्हणा. दिवसाला पन्नास पेशंट बघणाऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही, उलट सोपं जातं.

खाली डॉक्टरांची दुसरी, पूर्ण सही असते. तिच्यासोबत नाव, हुद्दा, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. फोटोवरची सही झाली म्हणून ती सुटत नाही. घाईत दोन्हींपैकी एक राहते, आणि बहुतेक वेळा फोटोवरचीच. दवाखान्याच्या पायऱ्या उतरण्याआधी तिथेच उभं राहून कागद एकदा बघून घ्या.

गोल शिक्का चेहऱ्यावर बसला. आता?

डोळे-नाक ओळखू येत असतील तर चालून जातं. जांभळ्या शाईत अर्धा चेहरा बुडाला असेल तर नवा फॉर्म, नवा फोटो, नवी सही. जुना फोटो सोलून काढू नका. सोललेल्या जागेवर लावलेला फोटो म्हणजे ज्या प्रकाराला आळा घालायला ही सगळी सोय केली, अगदी तोच प्रकार दिसतो. तुम्ही कितीही सरळ असलात तरी.

ग्लॉसी फोटोवर पेन चालत नाही.

चालत नाहीच. जेल पेनची शाई त्या गुळगुळीत थरावर थेंबासारखी उभी राहते आणि फाइल मिटली की समोरच्या पानावर सहीचा आरसा उमटतो. शाईचं पेन त्याहून वाईट. साधं बॉलपेन चालतं, पण फोटोवर ते मध्येमध्ये कोरडं पडतं. आधी कागदाच्या तुकड्यावर दोन गोल काढून ते चालू करून घ्यावं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे सीडीवर लिहायला जे बारीक टोकाचं पर्मनंट मार्कर वापरायचो ते. मी ड्रॉवरमध्ये दोन ठेवतो आणि लोकांना जाताना देतो. परत एकही येत नाही, तो भाग वेगळा.

प्रिंट काढतानाच मॅट कागद मागितला तर हा प्रश्न उद्भवत नाही.

सही झाल्यावर मिनिटभर हवा लागू द्या. फुंकर मारू नका, तुषार उडतात.

गम, स्टेपल की टाचणी?

गम. स्टेपलची पिन सहसा कपाळातून किंवा गळ्यातून जाते, काही महिन्यांनी गंजते, आणि मुख्य म्हणजे पिनेचा फोटो दोन नखांत निघतो. टाचणीचं तर बोलायलाच नको. गमही पातळ थर देऊन, चारही कोपऱ्यांना. मधोमध ठिपका टाकून दाबला की कोपरे वर येतात, झेरॉक्सच्या काचेवर अडकतात आणि फोटो फाटतो. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या फोटोला पाण्याचा गम लावला तर रंग मागून पुढे झिरपतात. त्याला गमस्टिक बरी.

पार्श्वभूमी पांढरी लागते की निळी?

पांढरी किंवा फिकट. निळ्यावरून फॉर्म परत आलेला मी पाहिलेला नाही, पण पांढरा फोटो पुढे इतर सरकारी कामांनाही उपयोगी पडतो, म्हणून तोच काढा. खरा घोटाळा वेगळा आहे. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा घालून बसलं की खांदे नाहीसे होतात. झेरॉक्समध्ये तर नुसतं मुंडकं तरंगतं. गडद रंगाचं काहीतरी घाला. पांढरे केस असतील तर भिंत किंचित राखाडी असलेली चांगली.

मोबाइलवर घरी काढलेला फोटो चालेल?

कुणीतरी समोरून काढला असेल तर हो. सेल्फी शक्यतो नको, आणि त्याची तीन कारणं आहेत, एकाहून एक मजेशीर.

एक म्हणजे हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. माणूस तोच, पण ओळखायला दोन सेकंद जास्त लागतात, आणि रांगेत तेवढ्यावरूनही ‘हा फोटो आपलाच का?’ असं विचारलं जातं. काढणाऱ्याला दीड-दोन मीटर लांब उभं करा आणि नंतर कापून घ्या.

दुसरं, पुढचा कॅमेरा बऱ्याच फोनांत आरशासारखं उलटं चित्र साठवतो. डावीकडचा भांग उजवीकडे जातो. यात काय बिघडलं? पुढचा प्रश्न वाचा.

तिसरं म्हणजे सौंदर्य वाढवणारे फिल्टर. ते बऱ्याच नव्या फोनांत बंद करेपर्यंत चालूच असतात. कातडी गुळगुळीत होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, आणि त्यांच्यासोबत तीळही जातो.

पार्श्वभूमी आपोआप पुसणारी अ‍ॅप वापरणार असाल तर कानांच्या कडा आणि केस नीट बघा. कुरळ्या केसांच्या बाबतीत ही अ‍ॅप कात्रीने कापल्यासारखं काम करतात. त्यापेक्षा खिडकीसमोर तोंड करून, मागे साधी भिंत ठेवून काढलेला फोटो कितीतरी सरस. खिडकी मागे नको, समोर.

फोटोचा आणि ओळखखुणेचा काय संबंध?

फॉर्म १-ए मध्ये नावाच्या लगेच पुढे ओळखखुणा विचारल्या आहेत. दोन ओळी असतात. डॉक्टर तुमच्याकडे बघतात आणि लिहितात, ‘डाव्या गालावर तीळ’. त्याच कागदावर, हातभरही लांब नाही इतक्या अंतरावर, तुमचा सेल्फी चिकटलेला असतो, आणि त्यात तीळ उजव्या गालावर असतो. किंवा नसतोच.

हे घडलेलं आहे, आमच्याच टेबलावर. एक मावशी स्कूटरच्या लायसन्सचं नूतनीकरण करायला आल्या होत्या. भाचीने फोनवर फोटो काढून, ‘मावशी, बघ कशी दहा वर्षांनी लहान झालीस’ म्हणत प्रिंट आणून दिला होता. भुवईच्या वरचा चांगला मसुराएवढा मस गायब. डॉक्टरांनी ओळखखूण म्हणून नेमका तोच लिहिलेला. मी म्हटलं, मावशी, यात मस कुठाय? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, मी कधी बघितलंच नाही!’ पुन्हा फोटो काढावा लागला. या वेळी भाचीला बाहेर बसवलं.

तेव्हा चेहऱ्यावर तीळ, व्रण, कापल्याची खूण असेल तर ती फोटोत दिसू द्या. ती लपवण्याची नाही, उपयोगाची गोष्ट आहे. ओळखखूण हातावर किंवा मानेखाली असेल तर प्रश्न नाही. ती फोटोत यायची गरज नाही.

चष्मा घालून काढू की काढून?

पासपोर्टच्या फोटोत चष्मा नको असं हल्ली सांगतात, त्यामुळे लोक गोंधळतात. १-ए च्या फोटोबद्दल फॉर्ममध्ये असं काही म्हटलेलं नाही. नजरेत दोष आहे का, आणि असल्यास तो योग्य चष्म्याने दूर झाला आहे का, असं मात्र डॉक्टरांना विचारलेलं आहे. माझं मत विचाराल तर: गाडी चालवताना जो चष्मा डोळ्यांवर असणार आहे तो फोटोत असलेला चांगला, कारण पोलिसांपुढे उभा राहणारा चेहरा तोच. पण काचेवर ट्यूबलाइटची पट्टी चमकत असेल आणि बुबुळ दिसत नसेल, तर सरळ काढून ठेवा. हनुवटी अर्धा इंच खाली केली की चमक बहुतेक वेळा जाते.

उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर फोटो घरात काढा. उन्हातून आत आल्यावर त्या पूर्ण निवळायला काही मिनिटं लागतात. निव्वळ वाचायचा चष्मा फोटोत कशाला? आणि गॉगल नाही. हे लिहावं लागतंय, म्हणजे कुणीतरी आणला असणार हे समजून घ्या.

तपासणीला जाताना मात्र चष्मा विसरू नका. फोटोत आहे आणि नाकावर नाही, असंही होतं.

टोपी, फेटा, पगडी, पदर, हिजाब?

रोजच्या सवयीची टोपी आणि फेटा काढून ठेवावा. धर्माचा भाग म्हणून डोकं झाकत असाल, शिखांची पगडी असो, हिजाब असो, तर झाकलेलं चालतं. हनुवटीच्या टोकापासून कपाळापर्यंत चेहरा उघडा आणि त्यावर कापडाची सावली नको. पदर डोक्यावर घेतला असेल तर थोडा मागे सारा, कपाळ दिसू द्या. टिकली, कुंकू, गंध, मंगळसूत्र, नथ यांना कुणाचीच हरकत नसते. अष्टगंध आणि बुक्का लावलेले आजोबा त्याच रूपात रोज असतील तर फोटोतही तसेच असू देत.

दाढी वाढवली, केस गेले, वजन उतरलं. जुना फोटो चालेल?

सहा महिन्यांच्या आतला फोटो, हा पासपोर्टकडून आलेला हिशेब. मी त्यापेक्षा साधी कसोटी लावतो: अनोळखी माणसाने फोटो आणि तुम्ही असं एकदा बघून मान हलवली पाहिजे. दाढी येते-जाते, तेवढ्याने काही होत नाही. पण आजारपणात केस गेले असतील, भाजल्याचे व्रण असतील, अर्धांगवायूने तोंड एका बाजूला ओढलं गेलं असेल, तर आत्ताचाच फोटो लावा. आधीचा लावण्यामागची भावना कळते, खरंच कळते. पण डॉक्टर जे लिहिणार ते आजच्या शरीराबद्दल.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल आणि डोळ्यावर पट्टी किंवा हिरवा कापडी पडदा असेल, तर फोटो आणि मेडिकल दोन्ही थांबवा. लायसन्स संपण्याआधी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. संपल्यावर मात्र नवं होईपर्यंत गाडी चालवायची नाही, आणि ते वर्षही उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. महिना-दोन महिने थांबायला यात भरपूर जागा आहे.

कागदावर चिकटवायचा फोटो आणि ऑनलाइन चढवायचा फोटो वेगवेगळे असले तर?

एकच असू द्या. सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, अर्ज भरताना फोटो आणि सही वेगवेगळ्या जेपीजी फाइल म्हणून चढवाव्या लागतात आणि मर्यादा फार कंजूष आहे: १० ते २० केबी. आजच्या फोनचा एक फोटो दोन-तीन हजार केबींचा असतो. त्यामुळे लोक तो आवळतात, पुन्हा आवळतात, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून परत घेतात, आणि शेवटी जे उरतं ते धुक्यातल्या माणसासारखं दिसतं. आधी फोटो चेहऱ्याभोवती कापा, मग लांबी-रुंदीचे पिक्सेल कमी करा, आणि सगळ्यात शेवटी दर्जा थोडा उतरवा. या क्रमाने केलं तर २० केबीतही चेहरा लख्ख राहतो. मागची भिंत साधी असेल तर आणखी सोपं, कारण सपाट भाग फाइलमध्ये फार जागा खात नाही. पानाफुलांचा पडदा मात्र खातो.

भरलेलं प्रमाणपत्र स्कॅन करून चढवायचं असेल तर फ्लॅश बंद करा. ग्लॉसी फोटोवर फ्लॅश पडला की तिथे पांढरा गोळा येतो आणि नेमकी अर्धी-अर्धी सही त्याखाली जाते. हल्ली अनेक डॉक्टर सारथीवर नोंदणी करून प्रमाणपत्र थेट तिथेच भरतात. दवाखान्यात जाण्याआधी फोनवर विचारा, ‘कागदी करता की ऑनलाइन?’ ऑनलाइन असेल तर अर्ज क्रमांक सोबत हवा. प्रिंट केलेला फोटो तरी खिशात असू द्या.

आधारवरून लर्निंगचा अर्ज केला. त्यात तर फोटो मागितलाच नाही.

कारण तो आधारमधून उचलला जातो. होय, तोच, ज्याला बघून तुम्ही दरवेळी कपाळाला हात लावता. आवडत नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तिथला फोटो बदलून घ्या, मग अर्ज करा. उलट्या क्रमाने केलं तर जुनाच येतो. पण चाळिशी ओलांडली असेल तर आधारवरून अर्ज करूनही १-ए लागतोच, तो सुटत नाही.

एजंट म्हणतो, दोन फोटो द्या, सहीचं मी बघतो. देऊ का?

नको.

मला याबद्दल थोडं बोलायचं आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी प्रमाणपत्रांचा गठ्ठा पाहिला होता. नाव कोरं, फोटोची चौकट कोरी, आणि डॉक्टरांची सही व शिक्का खाली तयार. फोटोवरची सही नंतर तिथलाच पोरगा मारायचा, खालची बघून बघून. मी विचारलं तर म्हणाला, ‘काका, तब्येत ठणठणीत आहे सगळ्यांची.’ असेलही. पण त्या फॉर्मवर डॉक्टर लिहून देतात की मी या माणसाला प्रत्यक्ष तपासलं. लांबची नजर, ऐकू येणं, हातपाय आणि सांधे यांच्याकडे खास लक्ष दिलं. रातांधळेपणा आहे का, तांबडा-हिरवा ओळखतो का, हॉर्न ऐकू येईल का, हे त्यात विचारलेलं आहे. रातांधळा माणूस दिवसा ठणठणीतच दिसतो.

कायद्याचंही ऐका. फसवणूक करून किंवा खोटी माहिती देऊन लायसन्स मिळवलं असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली ते रद्द होऊ शकतं. लायसन्सवर नाव एजंटचं नसतं, तुमचं असतं. पंधरा मिनिटांची तपासणी आहे. जाऊन या. बऱ्याच जणांना आपल्याला चष्मा लागलाय हे तिथेच पहिल्यांदा कळतं.

ड्रायव्हरचा खाकी गणवेश घालून फोटो काढू का?

गरज नाही. गणवेश रस्त्यावर लागतो, या फोटोत नाही. साधा शर्ट पुरे.

हसलं तर चालतं का?

तोंड मिटून हसा. दात दिसले म्हणून १-ए परत आल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण मोठ्याने हसताना डोळे बारीक होतात आणि मग चेहरा वेगळाच दिसतो.

हाच फोटो लायसन्सच्या कार्डावर येतो का?

हा नाही. प्रमाणपत्रावरचा फोटो प्रमाणपत्रासोबत फाइलला जातो. पक्क्या लायसन्ससाठी आरटीओत गेलात की तिथे खिडकीपलीकडचा कॅमेरा तुमचा फोटो घेतो, आणि कार्डावर सहसा तोच छापतात. घरबसल्या आधारवरून केलेल्या कामांत आधारमधला फोटो येतो. कार्ड एटीएमच्या कार्डाएवढंच, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, आणि फोटो त्याच्या एका कोपऱ्यात. म्हणून आरटीओला जाताना हेल्मेटने चपटे झालेले केस विंचरायला छोटा कंगवा खिशात टाका. खिडकीपलीकडचा माणूस ‘वर बघा’ म्हणेपर्यंत फोटो निघालेला असतो, आणि तो दुसरा काढून देत नाही.